विलायतेंतील सावध ससे व छऱ्याची बंदूक

मराठींत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांस लावला जातो; त्यामुळें विलायती शेतीविषयीं कांहीं वाचतांना आपल्या मंडळींचा नेहमीं घोटाळा होतो. आपल्या माळरानांत आढळणारा, लांब पायांचा, मानेच्या मागें काळा ठिपका असलेला ससा बीळ खणीत नाहीं. गवतांत किंवा झुडपाच्या बुडाशीं अंगापुरती खोलगट जागा करून तो तींत दबून राहतो. त्याचीं पिलें जन्मतःच अंगावर केंस असलेलीं व उघड्या डोळ्यांचीं असतात. विलायतेंत ज्याच्या नांवानें शेतकरी कपाळाला हात लावतो तो ससा निराळा. तो अंगानें लहान, कानांनीं आंखूड, आणि जमिनींत बिळें खणून वसाहत करून राहणारा. त्याचीं पिलें उघडीं व आंधळीं जन्मतात, मादी सुमारें तीस दिवसांत विते, आणि व्याल्याबरोबर पुन्हां गाभण राहूं शकते. आपल्याकडे पिंजऱ्यांत पाळतात ते पांढरे व करडे ससे या दुसऱ्या जातीचे होत. प्रस्तुत लेख या दुसऱ्या सशाविषयीं आहे, हें वाचकांनीं शेवटपर्यंत ध्यानांत ठेवावें.

या विषयाची माहिती मला दोन वाटांनीं मिळाली. माझा एक भाचा कांहीं वर्षें इंग्लंडच्या पूर्व भागांत एका मोठ्या शेतावर यंत्रें चालविण्याच्या कामास होता. त्याच्या सांगण्यांतून शिकारीची बाजू कळली. कायद्याची बाजू मीं स्वतः वाचून घेतली, कारण तीस वर्षें मामलेदार कचेरींत काढलेल्या माणसास जमिनीवरील हक्काचा प्रश्न दिसला कीं तो उलगडल्यावांचून चैन पडत नाहीं.

या सशाचा मूळ देश स्पेन व पोर्तुगाल. इंग्लंडांत त्यास नॉर्मन लोकांनीं बाराव्या शतकांत नेलें व मांस आणि कातडें यांकरितां राखीव आवारांत, पहारेकरी ठेवून वाढविलें. आवारांतून निसटलेल्या सशांनीं पुढें सारा देश व्यापला. ऑस्ट्रेलियांत तर १८५९ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील एका जमीनदारानें शिकारीच्या हौसेखातर दोन डझन ससे सोडले आणि पन्नास वर्षांत त्यांनीं खंडाचा मोठा भाग व्यापला. पुढें पश्चिमेकडील प्रांतानें त्यांस अडविण्यासाठीं अकराशें मैलांहून लांब कुंपण घातलें, पण तें पुरें होण्यापूर्वींच ससे पलीकडे पोंचले होते. गव्हाच्या वा जवाच्या कोंवळ्या पिकांत यांची खूण ओळखण्यास अवघड नाहीं. कुंपणालगतचा पट्टा वस्तऱ्यानें उतरल्यासारखा साफ दिसतो व शेताच्या मध्याकडे जावें तसें पीक वाढत जातें, कारण संकट येतांच बिळांत शिरतां यावें इतक्याच अंतरांत ससा चरतो. सात ते दहा ससे एका मेंढीइतकें गवत खातात असा हिशेब तेथील शेतकऱ्यांत रूढ आहे.

आतां हक्काचा प्रश्न. आपल्या सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत विहिरीचा पाळीचा हक्क असतो, वाटेचा असतो, बोजा असतो. इंग्लंडांत याच्या जोडीस शिकारीचा हक्क म्हणून एक स्वतंत्र हक्क आहे व तो जमिनीच्या वहिवाटीपासून वेगळा काढून मालकास स्वतःकडे ठेवतां येतो. एकोणिसाव्या शतकांत बहुतेक जमीनमालक तो ठेवून घेतच. परिणाम असा होई, कीं कुळानें नांगरावें, पेरावें, खंड भरावा, आणि रात्रीं पीक खाणाऱ्या सशास हात मात्र लावूं नये. लावल्यास चोरट्या शिकारीचा खटला. सन १८८० मध्यें ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळांतील गृहमंत्री सर विल्यम हार्कोर्ट यांनीं जो कायदा आणला त्यानें वहिवाटदारास आपल्या जमिनीवरील दोन्ही जातींचे ससे मारण्याचा हक्क मालकाच्या हक्कासह, त्याच्या बरोबरीनें, मिळाला. या कायद्यांतील माझ्या मतें सर्वांत शहाणपणाचें कलम असें आहे कीं, हा हक्क कुळास करारानें सोडून देतां येत नाहीं. तसा करार केल्यास तो रद्दबातल. मालक बलवान व कुळ अडलेलें असें असतांना सही घेणें कितीसें अवघड? आपल्याकडील १९४८ च्या कुळकायद्यांतहि कुळानें जमीन सोडल्याचें लेखी असावें व मामलेदारानें तें पडताळून पाहावें असें जें ठेविलें, त्याच्या मुळाशीं हीच जाणीव आहे.

पुढें १९५३ सालीं केंट परगण्यांत मिक्सोमॅटोसिस नांवाचा सशांचा रोग प्रथम आढळला. मूळ दक्षिण अमेरिकेंतील हा रोग इंग्लंडांत सशांच्या अंगावरील पिसवांनीं पसरविला, आणि दोनतीन वर्षांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक ससे मेले. डोळे सुजून आंधळे झालेले ससे रस्त्यांवर बसलेले पाहून पुष्कळ शेतकऱ्यांसहि वाईट वाटलें, असें सांगतात. १९५४ च्या कायद्यानें रोगी सशांच्या द्वारें हा रोग मुद्दाम पसरविणें गुन्हा ठरविलें, पण त्याच कायद्यानें सरकारनें ठरविलेल्या भागांत ससे नाहींसे करणें हें वहिवाटदाराचें कर्तव्य केलें. म्हणजे पाऊणशें वर्षांपूर्वीं जें मागून मिळालेला हक्क होतें, तें आतां न केल्यास जाब द्यावा लागणारें काम झालें. जे थोडे ससे रोगांतून वांचले त्यांची प्रजा हळूहळू रोगास तोंड देण्याइतकी टणक झाली, व पुढें १९९० नंतर आलेल्या दुसऱ्या एका रक्तस्रावी रोगानें ती पुन्हां घटली. यामुळें आज कांहीं शेतांत ससे उदंड तर शेजारच्या गांवीं एकहि नाहीं, अशी स्थिति असते.

बंदुकीकडे येऊं. जत्रेंत फुगे फोडण्याची जी बंदूक असते, तिचीच ही थोरली बहीण. दारू नाहीं, काडतूस नाहीं. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सुटतो. एका प्रकारांत नळी मोडून आंतील स्प्रिंग दाबावी लागते. दुसऱ्यांत पंपानें वा पाणबुड्यांच्या नळकांड्यांतून अगोदरच हवा भरून ठेवतात. इंग्लंड व वेल्समध्यें नळीच्या तोंडाशीं छऱ्याचा जोर १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारें १६ जूल, याहून अधिक नसेल तर अशा रायफलीस परवाना लागत नाहीं. स्कॉटलंडांत मात्र २०१६ च्या अखेरीपासून अशा बंदुकीसहि दाखला लागतो. अठरा वर्षांखालील मुलास ती विकत घेतां येत नाहीं, आणि आपल्या हद्दीबाहेर छर्रा गेला तर तो गुन्हा होतो. शेतकऱ्यांस ही बंदूक आवडते याचें कारण तिचा आवाज थोडा. बाराच्या बंदुकीचा एक बार झाला कीं सारी वसाहत त्या संध्याकाळपुरती बिळांत जाते. शिवाय गोठ्याजवळ, घरालगत, गुरें चरत असलेल्या कुरणाच्या कडेस मोठी बंदूक चालविणें धोक्याचें असतें.

नळीचीं मापें दोन प्रचलित आहेत. ०.१७७ इंचाचा छर्रा वजनानें सुमारें अर्धा ग्रॅम, व याच जोरानें सोडल्यास सेकंदास आठशें फुटांच्या आसपास जातो; ०.२२ इंचाचा सुमारें एक ग्रॅम, व तो सेकंदास पावणेसहाशें फूट जातो. नळीच्या रेषेपासून तीस यार्डांवर लहान छर्रा सुमारें तीन इंच खालीं येतो आणि मोठा पांच इंच. यावरून अंतराचा अंदाज चुकल्यास कोणता छर्रा अधिक दगा देईल हें वाचकांनींच ठरवावें. या दोन मापांच्या श्रेष्ठत्वावरून तेथील शिकाऱ्यांत जेवढा वाद चालतो तेवढा आमच्या गांवीं बांधावरूनहि चालत नसेल. भाच्याच्या मतें त्यांत अर्थ थोडा. नेम बरोबर असेल तर दोन्ही पुरतात, नसेल तर एकहि पुरत नाहीं.

आणि नेम हाच सगळा विषय आहे. या बंदुकीचा जोर इतका बेताचा आहे कीं, छर्रा पोटांत किंवा मागच्या पायांत लागल्यास ससा मरत नाहीं. तो बिळांत शिरतो व तेथें दोन दिवस तडफडून मरतो. डोळा व कानाचें मूळ यांच्या मधोमध जी रुपयाएवढी जागा, तिच्यांत छर्रा लागला तरच ससा जागच्या जागीं पडतो. म्हणून भाच्याच्या मालकानें त्यास बंदूक हातीं देण्यापूर्वीं कागदावर एक इंच व्यासाचें वर्तुळ काढून दिलें, आणि ज्या अंतरावरून एकूणएक छर्रे त्यांत पडतील तेंच तुझें अंतर, त्यापुढें सशावर घोडा दाबावयाचा नाहीं, असें बजावलें. पहिल्या महिन्यांत तें अंतर अठरा यार्ड निघालें. चांगल्या सरावाचा माणूस तीस-पस्तीस यार्डांपर्यंत जातो. बसून, पडून, गुडघ्यावर टेकून, प्रत्येक बैठकीचें अंतर निराळें निघतें आणि वारा असेल तर तें आणखी कमी होतें. स्प्रिंगच्या बंदुकीस एक विशेष हट्ट असतो: ती सुटतांना पुढेंमागें हिसका देते, म्हणून फळीवर किंवा कुंपणाच्या खांबावर टेकवून मारल्यास छर्रा भलतीकडे जातो. ती उघड्या तळहातावर सैल ठेवावी लागते.

आतां सावधपणाचें. ससा जन्मतः भित्रा असतो, पण सावध तो अनुभवानें होतो. ज्या वसाहतींत कोणी बंदूक चालविली नाहीं तेथें माणूस वीस पावलांवर आला तरी ससे कान टवकारून बघत बसतात. त्याच वसाहतींत एखाद्यानें आठवडाभर चुकीचे नेम मारले, कांहीं ससे जखमी केले, कीं पुढें महिनोन्‌महिने शंभर यार्डांवर फाटकाची कडी वाजली तरी शेत रिकामें होतें. म्हणजे सावध ससे हे बहुतांशीं अनाडी शिकाऱ्याचेंच पीक होय. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस व उंचावर असल्यानें त्यास मागचें, पुढचें, वरचें असें जवळजवळ सगळीकडचें एकाच वेळीं दिसतें. स्थिर वस्तूकडे तो फारसें लक्ष देत नाहीं. हालचाल मात्र त्यास तात्काळ कळते. कपड्याच्या रंगापेक्षां उघडा चेहरा व हात अधिक घात करतात, कारण त्यांची लकाकी हलते. भाचा तोंडावर जाळी व हातांत मोजे घालून बसे. सशाचें नाक तीक्ष्ण. वारा पाठीवर असेल तर घरीं राहिलेलें बरें. एखाद्या सशास संशय आला म्हणजे तो मागचा पाय जमिनीवर आपटतो. तो धप्प असा आवाज जमिनींतून बिळांतल्यांसहि जाणवतो, आणि पळतांना शेपटीची पांढरी खालची बाजू वर होते ती बाकीच्यांस निशाण ठरते. एवढें झालें कीं त्या जागीं निदान पाऊण तास कांहीं मिळत नाहीं.

अशा सशांपुढें त्यांच्या मागें जाण्यापेक्षां त्यांस आपल्यापुढें येऊं देणें हाच उपाय खरा, आणि त्यासाठीं बंदूक घरीं ठेवून पहिले दोन-तीन दिवस नुसतें पाहावें लागतें. बिळाच्या तोंडाशीं ताजी माती उकरलेली आहे कीं कोळिष्टकें लागलीं आहेत? लेंड्या ओल्या व काळपट आहेत कीं वाळून फिकट झाल्या आहेत? कुंपणाच्या तारेंत केंस अडकले आहेत काय? गवतांत बोटभर रुंद दबलेल्या वाटा कोठून कोठें जातात? संध्याकाळीं सूर्य कोणत्या अंगास असतो व त्या वेळीं वारा बहुधा कोठून वाहतो? एवढें पाहिल्यावर बसण्याची जागा आपोआप ठरते: बिळांपासून पंचवीस यार्ड, वारा सशांकडून आपल्याकडे, सूर्य आपल्या पाठीशीं, आणि मागें झुडूप, म्हणजे आपली आकृति आभाळावर उठून दिसणार नाहीं. छर्रा चुकला तर तो कोठें जाईल हेंहि तेव्हांच पाहावयाचें. मागें मातीचा उतार हवा. दगड, पाणी किंवा उघडें आभाळ नको.

उत्तम वेळ सूर्योदयाच्या मागेंपुढें आणि सूर्यास्तापूर्वींचा तासदीड तास. उबदार सरीनंतर ऊन पडलें कीं ससे हमखास बाहेर येतात; सोसाट्याच्या वाऱ्यांत कानांचा उपयोग होत नाहीं म्हणून ते बाहेर राहण्यास नाखूष असतात. ससे निघण्याच्या वेळेआधीं निदान अर्धा तास जागेवर जाऊन बसावें. पहिला ससा बाहेर येऊन बिळाच्या तोंडाशींच थांबतो व हवा हुंगतो. त्यास मारूं नये, कारण लागला तरी तो उडी मारून आंत जातो व हातीं येत नाहीं. दोन-तीन ससे दहा पावलें पुढें येऊन माना घालून चरूं लागले, म्हणजे त्यांतला बिळापासून लांबचा निवडावा. मान खालीं असतां बंदूक उचलावी, मान वर होतांच जेथें असूं तेथें थिजावें. तो कुशीवर वळला व डोकें स्थिर झालें कीं छर्रा सोडावा.

पुढची गोष्ट नवशिक्यास कधींच साधत नाहीं: ससा पडला तरी उठावयाचें नाहीं. आवाज थोडा असल्यानें बाकीचे ससे दचकून चार उड्या घेतात व कोण मारतें हें न कळल्यानें कांहीं मिनिटांनीं पुन्हां चरूं लागतात. पडलेल्या सशाकडे धांव घेतली कीं तुमची जागा, तुमचें रूप व तुमचा वास तिन्ही उघडे पडले. ससा नुसता जखमी झाला तर गोष्ट निराळी. मग शिकार बिघडली तरी चालेल, पण तात्काळ दुसरा छर्रा भरून त्याची सुटका करावी. एका वसाहतीवर लागोपाठ दोन दिवस बसूं नये. भाचा चार जागा फिरत्या ठेवी व एकेकीस दहा-बारा दिवसांनीं जाई; त्याच्या शेजाऱ्याची एकच आवडती जागा होती, आणि तेथील ससे त्याच्या गाडीचा आवाज ओळखीत.

सरपटत जाऊन शिकार करणें, रात्रीं दिव्याच्या झोतांत करणें, हेहि प्रकार आहेत. सावध सशांवर ते क्वचितच साधतात व दिव्याची शिकार दोनदां फसली कीं ससे उजेड दिसतांच पळतात.

या शिकारीचा शेतीस उपयोग किती, याचें उत्तर ती कोणत्या महिन्यांत केली यावर अवलंबून आहे. तेथें या सशास बंदीचा हंगाम नाहीं. वर्षभर मारतां येतो. परंतु जानेवारी ते ऑगस्ट हा मुख्य विण्याचा काळ. उन्हाळ्यांत दिवस मोठा, ससे पुष्कळ, बसणें सुखाचें. म्हणून हौशी लोक तेव्हांच जातात. त्या वेळीं मारलेल्या सशांत मोठा भाग असा असतो कीं जो थंडी, रोग व कोल्हे यांनीं तसाहि मेला असता, आणि दुधाची मादी मारली तर बिळांतील पिलें उपाशी मरतात. नोव्हेंबर ते मार्चपर्यंत, गवत थोडें व सशांची संख्या वर्षांतील सर्वांत कमी असतां जो मारला जातो, तो पुढील वीण थांबवितो. तेथील सरकारी सल्लाहि हिवाळ्याचाच आहे. केवळ छऱ्याच्या बंदुकीवर पीक राखतां येतें असें मात्र कोणी समजूं नये. मोठ्या शेतावर तारेची जाळी हाच टिकाऊ उपाय: सव्वा इंचाचीं भोंकें, जमिनीवर तीन फूट उंची, आणि खालचा सहा इंच पट्टा सशाच्या बाजूस वळवून जमिनीलगत पक्का केलेला, म्हणजे खणूं लागलेल्या सशास आपण जाळीवरच उभे आहों हें कळत नाहीं. बंदूक ही जाळीच्या आंत राहिलेल्या चार-दोन सशांसाठीं.

हें सारें वाचून आपल्याकडील कोणा तरुण खातेदारानें बाजारांतून छऱ्याची बंदूक आणूं नये म्हणून पुढील मजकूर मुद्दाम लिहितों. आपला माळावरचा ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं संरक्षित आहे. पूर्वीं वाघूर लावून ससे धरीत, कुत्र्यांकडून ससेहोलपट करवीत. त्या दोन्ही गोष्टी आतां गुन्हा आहेत, मग जमीन स्वतःची असो वा नसो. २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ०.१७७ इंचांहून मोठी नसलेली व २० जूलच्या आंतील हवेची बंदूक बाळगण्यास परवाना लागत नाहीं. त्यावरून ‘परवाना नाहीं म्हणजे शिकारीस मोकळीक’ असा अर्थ कांहीं लोक काढतात, तो सर्वस्वीं चुकीचा आहे. एक कायदा हत्याराचा, दुसरा प्राण्याचा. हत्यार बिनपरवान्याचें असलें तरी सशावर चालविलेला छर्रा दुसऱ्या कायद्यांत बसतो, आणि सशासह काढलेलें छायाचित्र मोबाइलवर पाठविलें तर वनखात्यास पुरावा शोधण्याचा त्रासहि पडत नाहीं. वन्यप्राण्यापासून उभ्या पिकास खरोखरच धोका असेल तर त्या कायद्याच्या अकराव्या कलमाखालीं लेखी परवानगी देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकास किंवा त्यांनीं नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्यावा, त्यांत गट नंबर, पीक, नुकसानीचें क्षेत्र व तारखा लिहाव्या, आणि पोंच घेतल्याशिवाय कचेरींतून निघूं नये.

रोपवाटिका, भाजीपाला किंवा नवी फळबाग राखावयाची असेल तर विलायती जाळी येथेंहि चालते. आपल्या सशास बीळ खणण्याची संवय नसल्यानें खालचा पट्टा वळवून पसरण्याचा खर्च वांचतो. मात्र जाळीचा कांठ जमिनीस सर्वत्र टेकलेला असावा, पाटाच्या तोंडाशीं फट राहूं देऊं नये, आणि उंची तीन फुटांहून कमी करूं नये.